चार टोपणं

नाताळाच्या आधीच्या आठवड्यातली पहाट. पावणेपाचला कॅज्युअल्टीतून निरोप आला, साक्रीकडचं बाळ आलंय, हातपाय सुजलेत, रडायचं थांबत नाहीये. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात परिचारिका आहे. गेली काही वर्षं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कुटुंबांशी बोलायचं कामही माझ्याकडे आहे, म्हणून अशा वेळी मला उठवतात.

मुलगा १४ महिन्यांचा. तळहात-तळपाय वरच्या अंगाने फुगून चकाकत होते. मनगटात चांदीची वाळी असणार, कारण तिथे गोल वळ उमटला होता. वाळी आईने काढून पदराच्या गाठीत बांधली होती. आमच्या पट्ट्यात काम केलेल्या कुणालाही हे हातपाय बघितले की पुढचं कळतं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडांतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि मूल कुणाला हात लावू देत नाही. सलाइन लावलं, वेदनेचं औषध दिलं, गरम पांघरूण घातलं. सकाळी नऊपर्यंत रडण्याचं कण्हणं झालं. आईबाप दोघांचं रक्त घेतलं. दुपारी चारला तिन्ही रिपोर्ट माझ्या हातात होते. बाळ एसएस, म्हणजे रुग्ण. आई एएस, बाप एएस, म्हणजे दोघंही वाहक.

मी कॉटजवळ स्टूल ओढून बसले. दिवसभराची थकलेली होते, ओपीडीत अजून माणसं खोळंबली होती. आणि मी जे वाक्य शेकडो वेळा बोललेय ते बोलून गेले, "हा आजार बाळाला तुमच्याकडून आलाय."

बाळ तिच्या मांडीवर होतं. तिने दोन्ही हात त्याच्याखाली घातले, हळूच उचललं, कॉटवर ठेवलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकली. हात पदरात गुंडाळून घेतले. बाळ तिच्याकडे बघून पुन्हा रडायला लागलं तरी ती पुढे आली नाही.

म्हणाली, "मंग मनंच पाप ना, सिस्टर?"

मी इतकी वर्षं हे काम करते, पण त्या दोन पावलांएवढं मला काहीच लागलं नव्हतं. मी माहिती दिली होती आणि तिने निकाल ऐकला होता. आपलं अंग लागलं तर लेकराला आणखी काही होईल, अशा भीतीने ती उभी होती.

ओपीडीत सांगून पाठवलं की मला वेळ लागेल. वॉर्डातल्या मावशींनी चहा आणला. तिला भिंतीला टेकून खाली बसवलं, मीही खाली बसले. मग तासाभरात तिच्या तोंडून तुटक-तुटक जे निघालं ते असं.

हे दुसरं मूल. पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला, बारडोलीकडच्या ऊसतोडीच्या पडावावर. त्याचेही हातपाय असेच सुजायचे. पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत ती मोळ्या उचलत होती, म्हणून पोर कच्चं निपजलं असं सासू म्हणाली. हा दुसरा झाला तेव्हा नवराबायको गावातल्या ख्रिस्ती मंडळीत जायला लागले होते, दोघांचा बाप्तिस्मा झाला होता. सहा महिने बाळ छान होतं, गुटगुटीत. सहाव्या महिन्यात थोडा ताप आला, सासू बाळाला भगताकडे घेऊन चला म्हणाली, ही गेली आणि कमरेला धागा बांधून आली. सातव्या महिन्यात हात सुजले. तेव्हापासून तिच्या मनात हिशेब पक्का झाला होता. धागा बांधला, देव कोपला. मंडळीतल्या एका काकूंनी तर वचन काढून दाखवलं होतं, वडिलांच्या अपराधाचं पारिपत्य तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. घरात काही लपलेलं पाप आहे, कबूल कर, मग पोर उठेल. तिने तीनदा सगळ्यांसमोर उभं राहून कबुली दिली. पहिल्यांदा धाग्याची. दुसऱ्यांदा सांगायला काही नव्हतं, म्हणून लग्नाआधी आईशी भांडली होती ते सांगितलं. तिसऱ्यांदा नुसती रडली. पोर काही उठलं नाही. म्हणजे कबुली खोटी ठरली, असं एक नवीन पाप खात्यावर चढलं.

त्या काकूंबद्दल मला राग आला, नाही असं नाही. पण आदल्या रात्री बाळाला मांडीवर घेऊन त्याच काकू पहाटेपर्यंत प्रार्थना करत बसल्या होत्या, गाडीचं भाडंही त्यांनीच दिलं होतं. माया होती, शिकवण चुकीची होती. आमच्याकडे हे फार होतं.

आधी मी एक गोष्ट केली. तिला म्हणाले, "बाई, मघाशी मी जसं बोलले ते चुकलं माझं. घाईत बोलले. मला माफ कर." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. पांढऱ्या कपड्यातलं कुणी तिची माफी मागेल हे तिच्या कल्पनेत नसावं. मावशी नंतर म्हणाल्या, त्यानंतरच तिने चहाचा कप हातात घेतला. माझ्या त्या चुकीला नाव होतं, ती कुणाशी झाली हे माहीत होतं, माफी मागितली आणि ती मिळाली. तिच्या डोक्यावर इतके महिने जे बसलं होतं त्याला नाव नव्हतं. दर वेळी कबुली दिली की ते दुसरं नाव मागायचं.

मग मी लॅबमधून चार टोपणं मागवली. मुदत संपलेल्या बाटल्या असतात, त्यांची. दोन जांभळी, दोन लाल. नवऱ्यालाही बोलावलं. तो इतका वेळ दाराबाहेर उकिडवा बसला होता.

दोघांच्या पुढ्यात एक जांभळं, एक लाल टोपण ठेवलं. प्रत्येक माणसाजवळ अशी जोडी असते, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. लाल म्हणजे सिकलचं. तुझ्याजवळ एक लाल आहे, यांच्याजवळही एक. एकच लाल असलं तर माणूस धडधाकट असतो, ऊस तोडतो, पत्ताही लागत नाही. बाळाला देताना जोडीतलं एकच जातं, कुठलं जाईल ते ना तुझ्या हातात, ना यांच्या. मी डोळे मिटून उचलायला सांगितलं. पहिल्या खेपेला दोघांची जांभळी आली. दुसऱ्या खेपेला एक लाल, एक जांभळं. चार-पाच खेपांनंतर दोघांच्या हातात लाल आलं आणि कुणीच काही बोललं नाही. प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळ हे असं होऊ शकतं. पहिल्याला झालं म्हणून दुसरा सुटला, असंही नसतं.

नवऱ्याने लाल टोपण तळहातावर धरून ठेवलं होतं. तोवर त्याच्या घरात, त्याच्या मनातही, आजार बायकोच्या पोटातून आलेला होता. तो काही बोलला नाही. उठला, तिच्या बाजूला जाऊन भिंतीला टेकून बसला.

"पण सहा महिने चांगला होता," ती म्हणाली. "धागा बांधला आणि सुरू झालं."

याचं उत्तर देताना मला फार बरं वाटतं, कारण ते इतकं स्वच्छ आहे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं. ते वाकत नाही. जन्मानंतर ते हळूहळू ओसरतं आणि साधारण सहाव्या महिन्यानंतर मोठ्या माणसांचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. त्यात सिकलचा दोष असेल तर त्रास तेव्हा दिसू लागतो. म्हणजे धागा बांधला नसता तरी, बाप्तिस्मा झाला नसता तरी, ती ऊसतोडीला गेली नसती तरी हात त्याच सुमाराला सुजले असते. मी तिला हेही सांगितलं की आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने पोरं नेली, आणि ज्याच्याजवळ एक लाल टोपण होतं त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळायचं. म्हणून ते टिकलं. तुझ्या रक्तात लाज वाटावी असं काही नाही, याच रक्ताने तुझे पूर्वज वाचले असतील.

मग सलाइन कशासाठी ते सांगितलं. थंडी, शरीरात पाणी कमी पडणं, ताप, यांनी पेशी वाकायला लागतात. हे बोलले आणि माझं मलाच कळलं की मी परत तिच्या हातात दगड दिला. रात्रभर उघड्या मांडवात प्रार्थना होती. तिचा उपास होता, दूध कमी आलं होतं. तिचा चेहरा उतरला.

मी तिचे हात पदरातून बाहेर काढून धरले. म्हटलं, "काल तुला हे माहीत होतं का?" तिने मान हलवली. "मग त्याचा गुन्हा कसा लागेल? हे मी तुला उद्यासाठी सांगतेय, कालसाठी नाही." हे तीनदा सांगावं लागलं. चौथ्यांदा तिच्या नवऱ्याने सांगितलं.

हे मी कुठे शिकले तेही सांगायला हवं. माझे वडील धुळ्याला वारले तेव्हा मी इथे नाइट ड्युटीवर होते. रात्री फोन आला होता की बरं नाही, मी म्हटलं सकाळच्या एसटीने येते. नऊ वर्षं मी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी भाकर हातात घेताना थरथरत असे. नर्स असून बापाजवळ नव्हते, हे वाक्य डोक्यातून जात नव्हतं. माफी मागत होते, पण कशाची ते मला सांगता येत नव्हतं. एका म्हाताऱ्या पाळकांनी योहानाच्या पहिल्या पत्रातलं तिसऱ्या अध्यायातलं २० वं वचन माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, त्याला सगळं ठाऊक आहे. ते म्हणाले, "बेटा, तुझं मन न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलंय. ती खुर्ची त्याची नाही." मी त्यांना तेव्हा काही उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी हात थरथरला नाही, एवढं आठवतं.

म्हणून त्या संध्याकाळी, बाळ झोपल्यावर, तिने विचारलं, "वचनात काय लिहिलंय यावर?" तेव्हा मी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडला. तिला वाचता येत नाही, नवरा अडखळत वाचतो, त्याच्याकडून वाचून घेतलं. जन्मापासून आंधळा माणूस. शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? नवरा "आईबापांनी" या शब्दावर थांबला. मी म्हटलं, पुढे वाचा. येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

"आईबापांनीबी नाही?" तिने विचारलं. त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

त्यापुढे देवाची कार्यं त्याच्या ठायी दिसावीत असं वाक्य आहे. ते मी आजारी लेकराच्या आईला पहिल्याच दिवशी समजावत बसत नाही. ते खरं आहे, पण ते तिचं तिला दिसायला हवं, मी तिच्या गळ्यात बांधू नये. त्याच अध्यायात शेवटी डोळे उघडलेल्या माणसाला धर्मपुढारी म्हणतातच, तू पापातच जन्मलेला. बरं झाल्यावरही लोक बोलायचे थांबत नाहीत, हे मात्र मी तिला सांगून ठेवलं. आणि काकूंच्या वचनाला उत्तर म्हणून यहेज्केलाचा अठरावा अध्याय नवऱ्याला खूण घालून दिला. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा म्हणू नका, असं तिथे देव स्वतः सांगतो. आमच्या लोकांनी ही म्हण कधी ऐकली नसेल, पण तिच्या आधारावर कितीतरी घरांत सुनांना उभं केलं जातं.

धाग्याचं तिने शेवटी काढलं. तो तिला खरोखर बोचत होता, ती श्रद्धा बदलून आलेली होती. मी तिला ते सोडून दे म्हटलं नाही. म्हटलं, जे चुकलंसं वाटतं ते देवाला एकदा सांग, साध्या शब्दांत, मांडवात उभं राहून नाही, इथेच. तो क्षमा करतो आणि विषय संपतो. पण बाळाचा आजार हे त्याचं बिल नाही. तिने डोळे मिटले, ओठ हलले, अर्धा मिनिट लागलं असेल. मग उठली, कॉटजवळ गेली, बाळाच्या खाली हात घातले आणि त्याला मांडीवर घेतलं. सुजलेला पाय आपल्या तळहातात धरून बसली, दाबला नाही, नुसता उबेला धरला.

पाचव्या दिवशी डिस्चार्ज. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, डॉक्टरांनी लिहिलेली बाकीची औषधं, पाणी किती पाजायचं, ताप आला तर घरी थांबायचं नाही, सगळं दोनदा म्हणवून घेतलं. निघताना ती टेबलाजवळ घुटमळली.

"सिस्टर, ती टोपणं देता का? काकूंना दाखवायची."

मी चारही दिली. पदराच्या ज्या गाठीत वाळी होती त्यातच तिने ती बांधली.

फेब्रुवारीत तपासणीला आली तेव्हा बाळाच्या मनगटात वाळी होती. सोबत नवरा, सासू, नवऱ्याची लग्नाची बहीण आणि त्या काकूही. काकू माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत, बाकावर बसून राहिल्या. सासूने मात्र माझ्यासमोर येऊन चोळीची बाही वर सरकवली.

"मनं बी रगत तपासा," म्हणाली. "लाल टोपण कोणं कडथून उनं, माले बी देखू द्या."

मी पट्टा बांधायला घेतला. सुई टोचताना तिने तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि सुनेने पुढे येऊन तिचा दुसरा हात धरला.