दारावरची फट

ओंडक्यावर ओंडका रचून बांधलेल्या त्या लाकडी केबिनला जेमतेम सहा महिने झाले होते. मालकांचा फोन आला, "मिस्त्री, पाऊस तोंडावर आलाय, आधी येऊन फटी बुजवा." सीलंटच्या नळ्या आणि फोमची दोरी घेऊन मी आणि माझा जोडीदार सकाळीच पोचलो. एका दिवसाचं काम वाटत होतं.

नवीन केबिनमध्ये मी आधी सगळी दारं-खिडक्या लावून आत अंधारात उभा राहतो. ऊन समोरच्या भिंतीवर होतं. दाराच्या दोन्ही अंगांना, डोक्याच्या उंचीला, उजेडाची एकेक रेघ दिसली. दाराजवळ बोटभर रुंद, आणि कोपऱ्याकडे जाता जाता निमुळती होत शेवटी केसाएवढी. बाकीच्या तिन्ही भिंतींवर असं काही नव्हतं.

त्या फटी आधी कोणीतरी भुसा आणि गोंद कालवून भरल्या होत्या. पटाशीचं टोक घातलं तर वीतभर लांब तुकडा सुटून हातात आला. त्याची खालची कड गुळगुळीत होती, वरच्या कडेला लाकडाचे तंतू चिकटले होते. म्हणजे वरच्या ओंडक्याला तो धरून बसला होता आणि खालचा ओंडका त्याला सोडून खाली गेला होता. मीटर लावलं, ओल 22 टक्के. लाकूड अजून आटत होतं.

लाकूड लांबीत जवळजवळ आटतच नाही, आटतं ते जाडीत. आडव्या ओंडक्यांच्या भिंतीत प्रत्येक ओंडका थोडा बारीक होतो आणि अख्खी भिंत खाली बसते. दाराच्या चौकटीचे उभे खांब मात्र तेवढेच उंच राहतात. म्हणून ओले ओंडके असले तर उंचीच्या दर फुटामागे पाऊण इंचापर्यंत हिशोब धरून चौकटीच्या डोक्यावर जागा मोकळी सोडतात. जोडीदाराने दारावरची पट्टी उचकटली. वर जागा सोडलेली होती, पण तिच्यात फळ्यांचे तुकडे आणि पाचरी गच्च ठोकल्या होत्या.

ते बघून मला खरंच वाईट वाटलं. बांधणाऱ्याने बरोबर केलं होतं. नंतर कोणीतरी वारा येतो म्हणून ती जागा बंद केली, आणि वरची भिंत चौकटीवर लटकली. कोपरे बसत गेले, मधला भाग बसेना. दार घासत होतं ते त्यामुळेच.

त्या दिवशी सीलंटची नळी उघडलीच नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना जॅक लावून वरचा भार उचलून धरला, पाचरी काढल्या, मग जॅक अगदी सावकाश सैल करत गेलो. लाकूड करकरलं. आम्ही दोघंही बोलायचं थांबलो. फटीत मी पेन्सिल घालून ठेवली होती, ती हळूहळू आवळली गेली. संध्याकाळपर्यंत 18 मिलिमीटरची फट 6 वर आली होती.

उरलेल्या फटी दुसऱ्या दिवशी. 6 मिलिमीटरच्या फटीत 8 ची फोमची दोरी बोथट पट्टीने दाबून बसवली. टोकदार हत्यार इथे वापरू नये, दोरीला भोक पडलं की आतली हवा निघून सीलंटवर फोड येतात. दोरी लागते ती सीलंट मागच्या लाकडाला चिकटू नये म्हणून. वरच्या आणि खालच्या ओंडक्याला, एवढ्या दोनच जागी तो चिकटला तर रबरासारखा ताणला जातो. मागेही चिकटला की ताणायला वाव राहत नाही आणि तो फाटतो. ओंडक्यांच्या वरच्या अंगाला पडलेल्या चिराही भरल्या, त्यांत पाणी साचतं. खालच्या अंगाच्या सोडल्या, आत गेलेली ओल तिथूनच बाहेर पडते.

मालक दारावरच्या जागेकडे बघत म्हणाले, "आणि ही? एवढी मोठी उघडी ठेवणार?" तिच्यात मऊ लोकर सैल भरली आणि वरून नवी पट्टी लावली. पट्टीचे सगळे खिळे वरच्या ओंडक्यात, चौकटीत एकही नाही. भिंत बसेल तशी पट्टी चौकटीवरून घसरत खाली येईल. त्यांना समजावं म्हणून पट्टीच्या खालच्या कडेला लागून चौकटीवर पेन्सिलने रेघ मारून दिली.

तीन महिन्यांनी त्यांनी फोटो पाठवला. पट्टी 9 मिलिमीटर खाली आली होती, रेघ तिच्याआड गेली होती.