तुम्ही विचारलंत म्हणून: आज खाली किती दिसेल?

मालवणात स्कूबा डायव्हिंगला आलेले पर्यटक होडीत पाय ठेवायच्या आधीच विचारतात, "आज व्हिजिबिलिटी किती?" म्हणजे पाण्याखाली किती लांबचं दिसेल. मी म्हणतो, "पाच-सहा मीटर." चेहरे पडतात, कारण शेजारच्या होडीवाल्याने बारा सांगितलेले असतात. तो अगदीच थापा मारत नसतो. तो खालून वर बघून सांगतो, मी आडवं बघून.

खालून वर पाहिलं की होडीचं काळं बूड उजेडावर ठसठशीत उठून दिसतं. आडवं बघताना करड्या खडकापुढचा करडा मासा हाकेच्या अंतरावरही हरवतो. आणि सोबती शोधायचा असतो तो आडवाच.

उभं अंतर काढणं सोपं. नांगराच्या दोराने उतरताना तळ पहिल्यांदा दिसला की मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर खोली बघायची. तेव्हा चार मीटर, आणि तळ नऊवर लागला, तर पाच मीटर. आडव्यासाठी सोबत्याच्या हातात रीलच्या दोराचं टोक द्यायचं. तो पुढे जातो तशी आधी त्याच्या सूटची कड विरते, मग टाकी, मग नुसते बुडबुडे. आकृती गेली की दोराला गाठ मारायची आणि वर येऊन मोजायचं.

नुसत्या नजरेवर मात्र जाऊ नका. मास्कमधल्या हवेमुळे प्रकाश वळतो, म्हणून चार मीटरवरची वस्तू तीनवर भासते. गढूळ पाण्यात उलटंच होतं: पुसट दिसतं म्हणून जवळचंही लांब वाटतं. समुद्राचा अभ्यास करणारी मंडळी पांढरी तबकडी बुडवून पारदर्शकता मोजतात. इटालियन खगोलशास्त्रज्ञ सेक्की यांनी १८६५ साली पोपच्या जहाजावरून ती वापरली, पण तीही उभंच अंतर सांगते.

आमच्याकडे खरा हिशेब पंचांगाचा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी ओढ घेतं, गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तेव्हा निवळतं. पावसाळ्यात कर्ली नदीचं पाणी समुद्रात लाल होऊन येतं, तेव्हा विचारूच नका. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर नदीचा गाळ पोचत नाही, तिथली गोष्ट वेगळी.

तुम्ही पहिल्यांदाच उतरणार असाल तर पाच मीटर पुष्कळ झाले. तुमची टाकी धरून मी मागेच असतो आणि प्रवाळ हातभर अंतरावर असतं. दोन मीटरच्या खाली असेल तर मी स्वतःच होडी सोडत नाही.