तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रीकांचंच का?

"आपल्याकडे एवढं महाभारत पडलंय, मग ग्रीकांचं कशाला वाजवतेस?" लग्नात, मुंजीत, व्हॉट्सॲपवर, अगदी वाजवून झाल्यावर मी ओबो (माझं सनईसारखं पाश्चात्त्य वाद्य) पुसत असतानासुद्धा. एकदाच नीट सांगते.

पहिलं म्हणजे, ते मी लिहिलेलं नाही. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकारानं १९५१ मध्ये, रोमन कवी ओव्हिडनं सांगितलेल्या ग्रीक कथांवर एकट्या ओबोसाठी सहा छोट्या रचना केल्या. ओबो शिकलात की त्या चुकत नाहीत. साथीला पियानो नाही, लपायला जागा नाही. आणि हा प्रश्न मलाच का? संगीतकार हॅरिसन बर्टविसल इंग्लंडमधल्या लँकशायरचा. २००८ मध्ये त्याचा 'द मिनोटॉर' हा ऑपेरा, क्रीट बेटावरच्या ग्रीक राक्षसाचा, लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये झाला. त्याचं काय क्रीटमध्ये आजोळ होतं?

हे झालं चिडून. पूर्वी मी याहून गुळगुळीत उत्तर द्यायचे: "मिथकं साऱ्या मानवजातीची असतात." तेव्हाही ते मला पटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत सांगलीला घरच्यांपुढे वाजवलं. ओबोची रीड, म्हणजे फुंकायची पातळ पट्टी, भिजवायला आईनं चटणीची वाटी दिली. सहांतली तिसरी रचना नायोबीची. मी आधी थोडक्यात गोष्ट सांगितली: चौदा मुलांच्या तोऱ्यात तिनं देवीला हिणवलं, म्हणून त्या देवीच्या मुलांनी, अपोलो आणि डायनानं, चौदाही मारली, रडता रडता ती दगड झाली. रचनेत सूर पुन्हापुन्हा खाली घसरत येतात, आणि शेवटी ब्रिटननं लिहून ठेवलंय, इथे भाव नको. मी तिथेच चुकते. शेवटचा सूर जरासा हलतोच. त्या दिवशीही हलला.

काका म्हणाले, "छान. आता काहीतरी आपलं होऊ दे." सगळे हसले, चिवड्याच्या बश्या फिरल्या. आत्या मात्र सरकत माझ्याजवळ आली. तिचा थोरला तीन वर्षांचा होऊन गेला. त्याचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही.

"चौदाच्या चौदा?"

"हो."

"मग त्या दगडाला पाझर फुटतो का गं?"

ओव्हिडमध्ये फुटतो. पण तेवढं मी सांगितलंच नव्हतं. मी "फुटतो" म्हटलं, आणि ती बश्या गोळा करायला उठली.

गांधारीचे शंभर गेले, पण तिला निदान शाप देता आला. अहल्येची शिळा झाली, पण राम येणार हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. नायोबीला सोडवायला कुणी येत नाही. म्हणून ग्रीकांचं, असं म्हणून मोकळी झाले असते. पण आत्यानं कुठे ओव्हिड वाचलाय? म्हणजे ते आपल्याकडेही असणार, मीच शोधलेलं नाही. शिवाय ग्रीक देवांपुढे मी कधी उदबत्ती लावलेली नाही, त्यांना निर्दय म्हणताना माझी जीभ अडखळत नाही. ही सोयच झाली. काकांनी असं धरलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

गांधारीवर कुणी ओबोसाठी लिहिलं तर वाजवीन, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. अजून कुणाला लिहायला मात्र सांगितलेलं नाही.