कॅमेरा बॅगेत, वही हातात : बाबा, पोरं आणि अजिंठा

मी लग्नांचे फोटो काढतो, म्हणून लग्नाच्या तारखा संपल्या की आमच्या घरात खरी सुट्टी सुरू होते, कारण सीझनमधे रविवार म्हणजे ऑर्डर आणि बाकीचे दिवस एडिटिंग, त्यामुळे पोरांच्या वाट्याला मी पावसाळ्यातच येतो. यावेळी अजिंठा ठरलं ते बाबांमुळे. ते चित्रकलेचे शिक्षक होते आणि माझा कामाबाहेरचा एकमेव नाद म्हणजे स्केचिंग, तोही त्यांच्याकडूनच आलेला.

फर्दापूरजवळ गाडी लावायची, तिथून पुढे बसने जायचं. सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा. बसमधून उतरून पायऱ्या चढलो आणि वाघूर नदीने कापलेला तो घोड्याच्या नालेसारखा कडा समोर आला, सगळा हिरवागार, टोकाला धबधबा. बायको म्हणाली इथेच बसूया थोडावेळ, आणि खरंच बसलो, मुहूर्त गाठायचा नाही, कुणाचे नातेवाईक स्टेजवर गोळा करायचे नाहीत, काय सांगू किती बरं वाटलं!

पहिल्या लेण्यात फ्लॅशला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, तीव्र प्रकाशाने जुने रंग खराब होतात. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. बाबा पोरांना म्हणाले, "घाई करू नका, डोळ्यांना सवय होऊ द्या." मग हळूहळू गाभाऱ्याच्या डावीकडे भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी बोधिसत्त्व दिसायला लागला, हातात कमळ, झुकलेली मान, अर्धवट मिटलेले डोळे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, वाढवून फोटो निघतो हो, पण अंधारातून तो चेहरा जसा सावकाश वर येतो ते फोटोत येत नाही, हे मी फोटोग्राफर म्हणूनच सांगतोय.

बाबांची पद्धत अशी की आत फक्त बघायचं आणि चित्र बाहेर येऊन आठवणीतून काढायचं. आम्ही तिघं, म्हणजे बाबा, मुलगी आणि मी, बाहेर कट्ट्यावर वह्या उघडून बसलो. भुवईपासून नाकाकडे उतरणारी ती एक रेष मला काही केल्या सुटत नव्हती, मुलीने मात्र नुसतं कमळ आणि बोटं काढली आणि बाबांनी तिची वही कितीतरी वेळ हातात धरून ठेवली. मुलाला चित्रांपेक्षा रंग कसे बनवले यात इंटरेस्ट, तर बाबांनी त्याला सगळं सांगितलं, दगडावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि गवत, वर चुन्याचा पातळ हात, मग पिवळा-तांबडा गेरू, काजळीचा काळा, आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द दगड. तो उरलेला दिवसभर प्रत्येक भिंतीवर निळा शोधत होता.

मला ज्या माणसाबद्दल बोलायचंय तो रॉबर्ट गिल, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार. 1819 मधे जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने नाव कोरलंय तेही आहे, पण गिल 1844 पासून इथे वर्षानुवर्षं राहून भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक 1866 मधे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. हा माणूस फोटोग्राफरसुद्धा होता, लेण्यांचे स्टिरिओ फोटो, म्हणजे खास भिंगातून बघितल्यावर खोली दिसणारे जोडफोटो, त्याने काढले, ते 1864 मधे पुस्तकात आले. पुढे जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच नंतरच्या दुसऱ्या आगीत गेल्या. बाबा हे सांगताना थांबले. वर्षानुवर्षांचं काम असं जाणं म्हणजे काय हे हार्ड डिस्क सांभाळणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, मला खूप वाईट वाटलं.

मधली लेणी भरभर केली, बाबांचे गुडघे आणि पोरांचा धीर दोन्ही बघून. सव्वीसाव्यात मात्र थांबलोच. साधारण सात मीटर लांब पहुडलेला बुद्ध, महापरिनिर्वाणाचा, खाली रडणारे शिष्य. बायको चित्रं काढत नाही, तिला शिल्पं आवडतात, तिने एकेका शिष्याचा चेहरा बघत अख्खी रांग पूर्ण केली आणि मला हाताला धरून दाखवली. कॅमेरा तिथे बाहेर काढला, एकदाच, बाबा आणि दोन्ही पोरांचा पाठमोरा फोटो घेतला, बाबा मधे.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, वयस्कर माणसं असतील तर डोलीची सोय आहे, आणि पोरांना वही-पेन्सिल नक्की द्या. आमचं पुढच्या पावसाळ्यात वेरूळ ठरलंय, कैलास बघायला एक अख्खा दिवस हवा असं बाबांचं म्हणणं आहे आणि मी आत्तापासूनच ती तारीख ब्लॉक करून ठेवलीये.