मानवी हक्कांत एम.ए. करायचंय, पण कुठल्या विषयातून?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेकदा असा येतो: "पदवी झालीय, नाशिकलाच राहतो, मानवी हक्कांत पुढचं शिक्षण घ्यायचंय. कुठून सुरुवात करू?" विचारणाऱ्यांत लॉ कॉलेजचे असतात, समाजकार्यवाले असतात, नर्सिंग झालेल्या मुलीही असतात. उत्तर थोडं हिरमोड करणारं आहे. आधी कायदा, समाजशास्त्र, भूगोल असा एक घरचा विषय पक्का करा, मानवी हक्क त्यातून गाठा. उलट दिशेनं गेलात तर वाचन भरपूर होतं, पण हातात काम करायचं हत्यार येत नाही.

एकच फाईल प्रत्येक विषय कशी वेगळी वाचतो ते बघा. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ किंवा सुरगाण्यातला फेटाळला गेलेला वनहक्क दावा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागणारा, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा. आत नमुना 'अ' म्हणजे दाव्याचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव, वनहक्क समितीची स्थळपाहणी, जीपीएसचा नकाशा, गावातल्या म्हाताऱ्याचा जबाब. आणि शेवटी शेरा: "पुरावा अपुरा."

कायद्याचा विद्यार्थी आधी तारखा बघेल. अपिलाला ६० दिवस असतात, पण मोजायचे कधीपासून? फायलीवर जावक क्रमांक असतो, दावेदाराला निर्णय मिळाल्याची सही मात्र सापडत नाही. शिवाय २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेचा ठराव उपविभागीय किंवा जिल्हा समितीनं फिरवला तर कारणांसह आदेश द्यावा लागतो. "पुरावा अपुरा" हे दोन शब्द म्हणजे कारण झालं का, यावर अख्खा शोधनिबंध उभा राहतो.

समाजशास्त्राचा किंवा मानववंशशास्त्राचा विद्यार्थी तोच म्हाताऱ्याचा जबाब धरून बसेल. दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यानं दिलेला लेखी जबाब नियमात पुरावा म्हणून मोजला जातो. पण म्हातारा बोलला कोकणा आदिवासींच्या कोकणीत किंवा वारलीत, आणि कागदावर उतरलं "वडिलोपार्जित कब्जा वहिवाट असल्याचे सांगतात". त्यानं ओहोळ, आंब्याचं झाड, कुणाच्या लग्नाचं साल अशा खुणा सांगितल्या असतील, तर त्या या वाक्यात कुठं गेल्या? ते शोधायला भाषा यावी लागते. निदान दुभाषा तरी दावेदाराच्या भावकीतला नसावा.

भूगोलवाला उपग्रहाचं चित्र मागवेल. डोंगरउतारावर नागली-वरई घेऊन जमीन पडीक ठेवली, तर त्या वर्षीच्या चित्रात शेत झुडपासारखं दिसतं. असं चित्र पूरक म्हणून वापरता येतं, इतर पुराव्यांच्या जागी नाही, असं नियमच सांगतो. इतिहासवाल्याला कायद्यातली १३ डिसेंबर २००५ ही तारीख महत्त्वाची (जमीन त्याआधीपासून ताब्यात असावी लागते), आणि तिच्या आधीचा कागद. इथं एक गंमत आहे: अतिक्रमण केलं म्हणून वनखात्यानं फाडलेली दंडाची पावतीच पुढं जमीन कसत असल्याचा पुरावा म्हणून जोडली जाते.

अर्थशास्त्र-संख्याशास्त्रवाले एका फायलीवर थांबणार नाहीत, तालुक्याचा तक्ता मागतील. तिथं ठरलेली चूक होते. फेटाळलेले दावे भागिले एकूण दाखल दावे, की भागिले निकाली निघालेले? प्रलंबित दावे खूप असले की पहिल्या पद्धतीनं टक्का उगीच लहान दिसतो. छेद कुठला घेतला ते लिहिलं नाही, तर तक्त्याला किंमत नाही.

आता प्रवेशाचं, थोडक्यात. मानवी हक्कांत एम.ए. करून वकिलीची सनद मिळत नाही. त्यासाठी एल.एल.बी. लागतं, पदवीनंतर तीन वर्षांचं. ते झालं की एल.एल.एम.; राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेशपरीक्षा, १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. प्राध्यापकी करायची असेल तर नेट या पात्रता परीक्षेत 'मानवी हक्क आणि कर्तव्ये' हा स्वतंत्र विषय आहे खरा, पण कॉलेजांच्या जाहिराती निघतात राज्यशास्त्र, समाजशास्त्र, कायदा अशा विषयांच्या. नेट त्या विषयात झालेली बरी. नर्सिंग-मेडिकलवाल्यांनी रुग्णांच्या हक्कांवर काम करायचं तर नैतिकता समितीची मंजुरी आधी, मुलाखती नंतर. आधी गोळा केलेली माहिती मागाहून मंजूर करून घेता येत नाही, आणि वर्ष तिथंच जातं.

प्रबंध बिघडतो तो बहुधा शीर्षकात. "महाराष्ट्रातील आदिवासींचे मानवी हक्क: एक अभ्यास" हा विषय नाही, कपाट आहे. एक तालुका, पाच वर्षांचा काळ, एका प्रकारचा निर्णय, एवढं पुरतं. पहिल्या प्रकरणात संयुक्त राष्ट्रांनी पॅरिसमध्ये स्वीकारलेल्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची ३० कलमं उतरवून काढायचीही गरज नाही. परीक्षकानं ती वाचलेली असतात. (काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० चा, म्हणजे जाहीरनाम्याच्या अठरा वर्षं आधीचा. नाशिकच्या विद्यार्थ्यानं सुरुवात पॅरिसपासूनच का करावी?)

कागद मिळवायला माहितीचा अधिकार आहे: १० रुपये फी, उत्तराला ३० दिवस. "वनहक्कांची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर "माहिती विस्तृत आहे, समक्ष येऊन पाहावी" असं उत्तर येण्याचीच शक्यता जास्त. अमुक वर्षातल्या उपविभागीय समितीच्या बैठकांची इतिवृत्तं मागा, आणि प्रांत कार्यालयाकडे मागा. तहसीलला दिलात तर अर्ज हस्तांतरात आठवडा जातो. त्याआधी गावात जाऊन ग्रामसभेची प्रत बघा. ती सरपंचाकडे नसली तरी वनहक्क समितीच्या सचिवाच्या घरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बऱ्याचदा सापडते. फोटो काढण्याआधी विचारा, आणि कशासाठी काढताय ते त्याच्या बोलीत सांगा.