तुम्ही विचारलंत म्हणून: नीटच्या वर्षात मी दवाखान्यात का जात होते

"नीटचं वर्ष, आणि तू दवाखान्यात कशाला जात होतीस? त्याचे मार्क मिळतात का?" सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, क्लासच्या सरांनी विचारलं, आता बारावीतल्या मुलांचे आईवडील फोन करून विचारतात. नाही मिळत. नीट 720 गुणांची, त्यातले 360 जीवशास्त्राचे, संपला विषय. आपल्या पुण्यात एएफएमसीला, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजला, मुलाखत असते, पण तिथेही नीटचे गुण बघूनच बोलावतात. अमेरिकेत मेडिकलच्या अर्जात दवाखान्यातला अनुभव बघतात. इथे तो लागत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

डॉक्टरचा दिवस कशात जातो ते मला बघायचं होतं, म्हणून गेले. फिजिक्समधलं रोटेशन कच्चं राहिलं ते राहिलं, त्याचं खापर मी त्या सकाळींवर फोडणार नाही. बाबांच्या ओळखीच्या सर्जननी ड्रेसिंगच्या वेळी उभं राहू दिलं. अट एकच, कशाला हात लावायचा नाही.

मार्केट यार्डात भाजी विकणाऱ्या एक आजी यायच्या. मधुमेहानं पायाची जखम चिघळलेली. पट्टी सुटली की खोलीभर वास. माझा हात रुमालाकडे गेला, तशा सिस्टर हळूच म्हणाल्या, "नाकाला लावू नकोस. त्या बघतायत." पाय बधिर झालेला, त्यामुळे मेलेली कातडी कापली जात असताना आजी मला कोथिंबिरीचा भाव सांगायच्या. एकदा डॉक्टर दारातूनच सिस्टरना इंग्रजीत काही बोलून गेले. मला कळलं, अंगठा काढावा लागणार. आजींनी माझं मनगट धरलं. "काय म्हनले गं डाक्टर?"

मी म्हटलं, "सिस्टर सांगतील."

त्यांनी हात सोडला. पुन्हा भावाबिवाचं काही बोलल्या नाहीत. दुसरं काय सांगणार होते मी? तो अधिकार माझा नव्हताच. पण पाय त्यांचा, आणि ठाऊक मला.

तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, इथेच माझं डॉक्टर व्हायचं नक्की झालं. आज एमबीबीएसला वॉर्ड पोस्टिंग करताना ते मला पटत नाही. नक्की तर आधीच होतं. शिवाय 2019च्या अभ्यासक्रमापासून पहिल्याच वर्षी पेशंटसमोर नेतात, थोडं थांबता आलं असतं. पण तोवर सीट घेतलेली असते, फी भरलेली असते. तिथे पोचल्यावर हे आपल्याला झेपणारं नाही असं कळलं, तर मुलानं घरी कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि माझ्या शिकण्यासाठी आजींनी पाय का उघडा टाकावा? त्यांना विचारलं होतं, हो. डॉक्टरांसमोर. तिथे नाही कोण म्हणतं?

"मग किती दिवस पाठवू?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. पाठवणारच असाल तर हिपॅटायटिस बीची लस आधी सुरू करा, तीन डोसना सहा महिने जातात. आणि पोरगं उभं राहिलं तर चालेल का, हे पेशंटला डॉक्टर खोलीत नसताना विचारायला सांगा.