माड, मीटर आणि कर्जाचा हप्ता

२०२४च्या मे महिन्यात सोलरवाला गच्ची बघायला आला तेव्हा आईने तिथे कोकमाची सोलं वाळत घातली होती. दोन सुपं बाजूला सारून त्याने टेप लावली, "दिवसभर ऊन आहे, भाऊ, झक्कास जागा," म्हणाला आणि मोबाइलवर हिशेब मांडून दाखवला: तीन किलोवॅट, चार वर्षांत पैसे वसूल.

आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यात. पुढचा भाग जुना, मंगळुरी कौलांचा. मागे स्वयंपाकघरावर तेवढा स्लॅब. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट लागतात, तेवढीच आमची गच्ची. तो गेल्यावर आई सुपं परत मांडता मांडता म्हणाली, "थंडीत गोधड्या वाळत घालायला मी पुढच्या अंगणात का जाते, ते विचारलं का त्याने?"

खरंच की. गोव्यात मेमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर, सावली पायाशी. डिसेंबरात तो दक्षिणेला उतरतो आणि आमच्या आग्नेयेकडच्या माडाची सावली सकाळी अकरापर्यंत गच्चीवर लोळते. पॅनेल माळेसारखी एकमेकांना जोडलेली असतात. एकावर चुडतीची सावली पडली तरी सगळ्या माळेची वीज घटू शकते. माड तोडायचा विषय आईसमोर काढायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं तर इच्छाही नव्हती. दुसऱ्या एका सोलरवाल्याला बोलावलं. त्याने पॅनेलांचा सांगाडा सात फूट उंच करून पश्चिमेच्या कडेला सरकवायचं सुचवलं. बारा हजार वाढले. एकूण १ लाख ९५ हजार.

पहिल्याच्या हिशेबातली दुसरी गफलत वीजबिल घेऊन बसल्यावर कळली. त्याने युनिटला आठ रुपये धरले होते. गोव्यात घरगुती वीज बरीच स्वस्त, आणि दर टप्प्याटप्प्याने चढतो. आमचे महिन्याला चारेकशे युनिट, बिल सोळाशे-सतराशे. सोलरने आधी वरच्या, महाग टप्प्यातले युनिट कमी होतात हे खरं. तरी वाचून वाचून महिना बाराशे वाचणार. म्हणजे पैसे फिटायला चार नव्हे, आठ वर्षं. ज्याचं बिलच पाचशे येतं त्याने या भानगडीत पडू नये, असं माझं मत आहे.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत छपरावरच्या तीन किलोवॅट सोलरला ७८ हजारांचं अनुदान मिळतं: पहिल्या दोन किलोवॅटला ३० हजारांप्रमाणे, तिसऱ्याला १८ हजार. पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. स्वस्तातली बाहेरची घेतली की अनुदान नाही. आणि हे पैसे नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसून तपासणी झाल्यावर येतात, तोवर सगळी रक्कम आपणच उभी करायची.

त्यासाठी बँकेत गेलो. तारण लागलं नाही. दहा टक्के, म्हणजे साडेएकोणीस हजार, माझे. उरलेले १ लाख ७५ हजार ५०० रुपये सात टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी. हप्ता २,०३८. वाचणार बाराशे आणि भरायचे दोन हजार! बँकेतल्या बाईंना तसं म्हटलं तर त्यांनी शांतपणे सांगितलं, अनुदान कर्जात जमा करा आणि हप्ता कमी करून मागा. नाहीतर हप्ता तोच राहून फक्त मुदत घटेल. तेवढी एक ओळ अर्जात लिहिली. आता हप्ता अकराशेच्या थोडा वर आहे.

पण अर्जापर्यंत पोहोचायलाच चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उजाडली. अर्जदार आणि वीजबिलावरचं नाव एकच लागतं, आणि आमचं बिल आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन एकोणीस वर्षं झाली. दर महिन्याला त्यांच्या नावाने पैसे भरत होतो, कोणाला काही खटकलं नव्हतं. बिलावरचं नाव बदलायचं तर घर बाबा आणि मुंबईचे काका यांचं सामायिक, म्हणून काकांचं ना-हरकत पत्र हवं. काका फोनवर म्हणाले, "पॅनेल तुझी, मग छप्पर कोणाचं?" मी गप्प. चवथीला आले, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधून झाली, जेवणं झाली, तेव्हा मी कागद पुढे केला. चष्मा लावून दोनदा वाचला आणि सही केली. "उद्या वाटणीत हे धरायचं नाही," एवढं मात्र बजावून.

नोव्हेंबरात पॅनेल बसली. डिसेंबरात मी रोज सकाळी चहा घेऊन सावली बघायला वर जायचो. साडेनऊपर्यंत कडेच्या एकाच पॅनेलवर ती असायची. चांगल्या उन्हात दिवसाला बारा-तेरा युनिट येतात. पावसाळ्यात, आभाळ भरलेलं असलं की, तीन-चार.

जूनमध्ये वाऱ्याने लाइट गेली तेव्हा शेजारचे दारातून ओरडले, "तुमची असणार!" नव्हती. पुरवठा बंद झाला की सोलरचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो, नाहीतर आपली वीज तारेत जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसेल. दोन्ही विक्रेत्यांनी हे सांगितलं नव्हतं. जुनी बॅटरी मी भंगारात दिली नव्हती, म्हणून दोन पंखे चालले.

यंदा सोलं मात्र पुढच्या अंगणात वाळली. गच्चीवर आता मेमध्येही सावली असते.